उजवीकडची पाकळी

मी म्हातारीनं तरुणपणी देवीला फसवलं, आणि वर ते फुशारकीनं एका परक्या माणसाला सांगून बसलो. काय सांगू तुम्हाला पावणं, एवढी शहाणी हुतो मी.

आम्ही डोंगरातलं धनगर, म्हशी राखून जगणारी माणसं. वाड्याच्या, म्हंजे आमच्या वस्तीच्या, वरच्या अंगाला वाघजाईची राई. तिथली वाळकी काटकी बी कुणी चुलीला आणायची न्हाय, कारण राईच्या बुडात झरा, आणि त्याच्यावर आमचं, म्हशींचं सगळं चालायचं. काय करायचं झालं तर देवीला कौल लावायचा. देवीच्या दगडाच्या दोन्ही अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची, उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. एकदा विचारलं ते परत विचारायचं न्हाय. कौल लावायचा मान माझ्या सासऱ्यांचा, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, आणि पाकळ्या हातात द्यायचं काम नव्या सुनंचं, म्हंजे माझं.

मला माहेरची लई वढ. सासू सोडंना, म्हणाली देवीला विचारू. मी डाव्या पाकळीला पाठीमागनं फणसाचा चीक लावला. ती कुठली पडती? उजवी गळली, आणि मी माहेरात जाऊन आईच्या हातचं खात खुदुखुदू हसत बसलो. आमच्या म्हशीला माझ्यापेक्षा अक्कल जास्त असंल.

पुढं शहरातनं एक माणूस यायला लागला. मला आक्का म्हणायचा, माझ्या पोराला खांद्यावर घिऊन फिरायचा, ताक प्याला की आणिक मागायचा. भाऊच झाला म्हणा की. एकदा बोलता बोलता म्हणाला, आक्का, तुमची देवी कधी चुकत न्हाय? आणि मी, लाजायचं सोडून, चिकाची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. कुणाला सांगू नकोस म्हटलं. न्हाय सांगत म्हणाला. शब्द पाळला बघा, कुणालाच न्हाय सांगितलं.

राईचा वरचा निम्मा भाग कागदावर खालच्या गावातल्या एकाचा. तो ह्यानं आधीच घेतलाता, तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायला. पण कौलाबिगर कुऱ्हाड लावायला मजूर मिळंना. म्हणून कौल मागायला आला, पाकळ्या आपल्याच ताटात डाव्या-उजव्या मांडून. मामांनी लावल्या. सगळा वाडा उभा. उजवी पडली. बाया रडल्या, पण देवीच्या पुढं बोलायचं कुणी?

माणसं पांगल्यावर मी दगड पुसाय गेलो तर डावी पाकळी निघंना. नखानं खरवडली, बोटाला चीक लागला. वळून बघतो तर हा गाडीत बसताना हात जोडतोय, येतो आक्का म्हणतोय.

आता त्या खोल्यांत दिवं लागत्यात, झरा शिमग्यापर्यंतच टिकतो, म्हशी निम्म्यावर आल्यात. नातू तिथंच गेटावर कामाला हाय. तो विचारतो, आज्जी, झाडं उभी हुती तवाच का बोलली न्हाईस? बोललो हुतो की बाबा. त्याच सांजंला मामांच्या पायाशी बसून सगळं ओकलो, माहेराचं बी. चला, वाड्याला सांगू म्हटलं. मामा राईकडं बोट करून म्हणालं,

“पोरी, ही झाडं राखायला कोण शिपाई न्हाय, नुसता माणसांचा इस्वास हाय. हा कौल खोटा म्हटलास तर सगळंच कौल खोटं ठरतील, आणि ऱ्हायलेल्या निम्म्या राईत आपलीच माणसं कुऱ्हाड घिऊन शिरतील. गप ऱ्हा.”