पन्नासावा नंबर

ग्लासगोच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईंनी पर्समधून पेपरचं कात्रण काढून शेजारच्या मैत्रिणीपुढे धरलं आणि मागे बसलेल्या स्ट्रूअननं ते लगेच ओळखलं. वर्षातल्या गाण्यांच्या पन्नास उत्तम अल्बमांची ती यादी त्यानंच लिहिली होती.

"बघ सेंगा, आमची एल्सा!"

"कितवी गं?"

"पन्नासावी."

"म्हणजे शेवटची."

"शेवटची का होईना, आली ना? ऐक काय लिहिलंय. 'व्हायोलिन काळजाला हात घालतं.'"

"एल्सा व्हायोलिन कधी शिकली, मोरॅग?"

"तेच तर! मी अख्खा अल्बम तीनदा ऐकला. मला नुसती गिटारच ऐकू येते. म्हटलं, गेले आपले कान."

"पोरीला विचारायचंस की."

"विचारलं. हसली नि म्हणाली, आहे गं आई, बारीकसं कुठंतरी. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जातेय मी."

स्ट्रूअनचा स्टॉप आला आणि गेला. त्याला मान वर करवेना. शेवटी तो पुढे वाकला.

"बाई, डॉक्टरकडे नका जाऊ. व्हायोलिन नसेलच त्यात."

"तुम्ही ऐकलाय तिचा अल्बम?"

"नाही. न ऐकताच लिहिलं. ही यादी माझी आहे."

दोघी वळून त्याच्याकडे बघत राहिल्या. मोरॅगनं कात्रणाची हळूच घडी घातली.

"मग तिचं नाव तरी का घातलंत?"

"एक जागा उरली होती," तो म्हणाला.