दाबताक्षणी चालणारं बटण

...चौदा? येऊन तीन दिवस झाले नाहीत आणि माझ्या कोडमध्ये चौदा चुका — वा, दिवसाला पाचाच्या हिशेबानं चाललंय तुमचं. अठरा वर्षं या पार्सल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या खिडक्या मीच लिहिल्यात, आणि त्याही अशा स्क्रिप्टिंग भाषेत, जिचं नाव ऐकून तुम्ही मुलाखतीतच हसलात म्हणे. दादानं सांगितलं. दादा म्हणजे तुमचे मालक, माझा थोरला भाऊ — त्याला प्रिंटर सुरू करता येत नाही, पण माझी विजेट्स, म्हणजे स्क्रीनवरची बटणं-चौकटी, जुनाट झालीत हे मात्र बरोबर कळलं त्याला.

हं, बटण. येणारच होतात तिथे. खिडक्या बनवायच्या टूलकिटात आयतं बटण असताना मी स्वतःचं का लिहिलं — हौस म्हणून? तुमचं ते आयतं बटण कसं चालतं, सांगू? दाबायचं, मग बोट उचलायचं, आणि उचलताना माउसचा बाण बटणावरच असला तर काम होणार — जरा घसरला की रद्द. माझं दाबताक्षणी चालतं. हो, चुकून दाबलं तर माघार नाही, ठाऊक आहे, पुस्तकं मीही वाचलीत. पण ज्याचा हात स्थिर राहतच नाही त्यानं काय करायचं? दाबताना बाण जागेवर, सोडेपर्यंत बाहेर. कोणाचा म्हणजे? असतात लोक. काउंटरवर बसतात, पार्सलांच्या नोंदी करतात, इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी येतात — बरं, बाबांचा. झालं समाधान? दोन वर्षं हात थरथरतोय. दादाला कळू दिलेलं नाही — तो गोड बोलून दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी बसवेल, आणि आई गेल्यापासून त्या घरात बोलायला आहे कोण? मला भीती वाटते हो, ती खुर्ची गेली तर बाबा टिकायचे नाहीत. तुम्हाला हे कशाला सांगतेय मी, देव जाणे.

तेव्हा बाकीच्या तेरा चुका खुशाल दुरुस्त करा, शाबासकी घ्या, पण त्या बटणाला हात — असं काय बघताय? बदललंत? आज सकाळीच? विचारलंत कोणाला — दादाला. अर्थात.

तरीच. बघा काचेतून — त्या बाई मघापासून तेच पार्सल घेऊन उभ्या आहेत, मागे रांग लागलीय, आणि बाबा दोन्ही हातांनी माउस धरून दाबतायत... परत दाबतायत... दादा येऊन उभा राहिलाय त्यांच्या मागे.

निघा तुम्ही.