सहावी जुडी

नाव नोंदवहीत लिहिले आहे तेच; वाचनालयात मला चिकटराव म्हणतात. वय २३ वर्षे. शिक्षण नववी. व्यवसाय पुस्तकबांधणी, सार्वजनिक वाचनालयात रोजंदारीवर. राहणार वाचनालयाच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालची खोली, सोबत आई.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, दर गुरुवारी सायंकाळी पाच वाजता वाचनालयाच्या मासिकांच्या खोलीत आम्ही आठ जण नव्या कादंबऱ्यांवर बोलायला जमतो. वाचनालय नव्या कादंबरीची एकच प्रत घेते. म्हणून मी प्रतीची शिवण उसवून सोळा-सोळा पानांच्या आठ जुड्या करतो. एकेकाला एक जुडी मिळते. गुरुवारी ज्याने त्याने क्रमाने आपली जुडी तोंडी सांगायची. तोपर्यंत दुसऱ्याची वाचायची नाही, असा नियम आहे. चर्चा संपली की मी पुस्तक परत शिवतो. ग्रंथपालबाईंची याला परवानगी आहे.

या खेपेला सहावी जुडी, पान ८१ ते ९६, सिस्टरकडे होती. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका, वय अंदाजे ७०, एकट्या राहतात. सातवी माझ्याकडे. पाचवीच्या शेवटी कादंबरीतली बाई दार उघडते आणि वाक्य अर्धे राहते. माझ्या जुडीत तीच बाई दुसऱ्या गावात आहे, केस कापलेले, सोबत एक लहान मुलगी. मुलगी कोणाची, हे सहावीतच असणार.

परवा गुरुवारी सिस्टर आल्या नाहीत. दोन वर्षांत त्यांचा एकही गुरुवार चुकलेला नाही. फोन उचलला नाही. पाच जुड्या सांगून झाल्या आणि सगळे अडकले. पाचवी सांगणारे टपालवाले काका म्हणाले, "चिकटराव, उद्या जाऊन जुडी घेऊन ये बाबा. दार उघडं टाकून मला झोप लागायची नाही." पाचवी जुडी त्यांनी माझ्याकडे परत दिली.

काल शुक्रवारी ५.३५ वाजता मी सिस्टरच्या घरी गेलो. तीनदा बेल वाजवली. खिडकीतून पाहिले. टेबलावर जुडी होती, तिच्यावर चष्मा. दारामागे चपला होत्या. आवाज नव्हता. ५.३८ ला पिशवीतल्या सुरीने खिडकीच्या काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडली, काच अख्खी काढली व भिंतीला टेकवून ठेवली. काच फुटलेली नाही. सिस्टरची काळजी वाटून मी आत गेलो असे मला खिडकीत पाहणारी त्यांची शेजारीण सांगते, परंतु ते खरे नाही. जुडी घ्यायची आणि काच परत बसवायची, एवढेच मनात होते. चपला मी पाहिल्या होत्या. त्यांचा अर्थ मी लावला नाही.

५.४७ ला आत उतरलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोण?"

मी म्हणालो, "चिकटराव."

"खिडकीतून? बरं. इकडे ये, मला उठता येत नाहीये."

सिस्टर ओट्याजवळ जमिनीवर होत्या, गुरुवारी दुपारपासून. म्हणाल्या, "खुबा मोडलाय. हलवू नकोस. गाडी बोलव. ओठ तेवढे ओले कर, पाणी पाजू नकोस, ऑपरेशन करतील." नंबर लावताना मी दोनदा चुकलो. ५.५२ ला लागला. फोनवरच्या बाईंनी सांगितले, त्यांना बोलत ठेवा, झोपू देऊ नका.

मग सिस्टरनी विचारले, "दाराशी कोण होतं ते माझ्याकडे आहे. पण तिनं दार उघडलंच का रे? कालपासून तेवढंच डोक्यात घोळतंय."

म्हणून मी पहिल्या जुडीपासून सांगायला लागलो. त्यांचे डोळे मिटले की मी थांबायचो. त्या म्हणायच्या, "मेले नाहीये. पुढे बोल." काच काढल्यामुळे वारा येत होता, म्हणून त्यांनी जुडी मला हातात धरून ठेवायला लावली. मी विचारले, "सिस्टर, कोण होतं दाराशी?" त्या म्हणाल्या, "गुरुवारी सांगेन. नियम म्हणजे नियम. आणि वाचलंस तर बघ." मी वाचले नाही.

६.१६ ला शेजारणीने कळवल्यावरून त्यांचा भाचा आला. ओरडला, "आत्या मरायला टेकलीये आणि हा गोष्टी सांगत बसलाय! हातात काय आहे रे चोरा?" भाचेसाहेबांनी माझी कॉलर धरली व पोलिसांना फोन केला. ६.२० ला गाडी आली. सिस्टर स्ट्रेचरवरून काही म्हणाल्या, ते मला ऐकू आले नाही. जुडी पोलिसांनी जप्त केली.

घरात घुसून कागदपत्रे चोरल्याची भाचेसाहेबांची तक्रार आहे. सिस्टरचे ऑपरेशन आत्ता चालू आहे, संध्याकाळपर्यंत त्या बोलू शकणार नाहीत. चोरीचा गुन्हा दाखल झाला तर वाचनालय मला ठेवणार नाही.

पाने वाचनालयाची कशावरून, असे साहेबांनी विचारल्यावरून मी पिशवीतून पाचवी व सातवी जुडी काढून जप्त जुडीच्या दोन्ही बाजूंना लावली. शिवणीची पाचही भोके एका रेषेत आली. साहेब म्हणाले, "भोकं काय, कुठेही पाडता येतात." तेव्हा मी सुचवले की, पान ८० वरचे अर्धे वाक्य ८१ वर पुरे होते का, ते आपण पाहावे.

साहेबांनी ८० ची शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "तिने कडी काढली तेव्हा पायरीवर". ८१ उघडण्यापूर्वी मी कानांवर हात ठेवले व भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. चार मिनिटांनी हात काढून विचारले, "जुळतं का, साहेब?"

साहेब म्हणाले, "थांब जरा."

मी म्हणालो, "साहेब, हे ८४ वे पान आहे."

साहेबांनी जुडी मिटली. भाचेसाहेबांना आत बोलावून, चोरी झालेली नाही, खिडकीचे तुमच्या आत्या शुद्धीवर आल्यावर पाहू, असे सांगितले. काच मी स्वखर्चाने बसवून देईन. जुडी गुरुवारपूर्वी सिस्टरकडे पोचवावी, ही विनंती. पहिल्या चार जुड्या कुठे आहेत असे साहेबांनी विचारले. ज्याच्या त्याच्याकडे आहेत, परंतु गुरुवारी पाच वाजता मासिकांच्या खोलीत कोणालाही बसता येते, असे मी सांगितले.

हा जबाब मला वाचून दाखवला व तो मी सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे. जप्त जुडी मला वाचून दाखवलेली नाही.