विमान उतरलं, चाकं सोडून

...म्हणजे मूर्ख मीच, नाही का? बोला ना सरळ! तुम्हाला सांगतो, आयुष्यात काहीही करा, पण चार कंपन्यांनी मिळून बनवायच्या विमानाच्या नादी लागू नका. पंख एकाचे, इंजिन दुसऱ्याचं, कॉकपिट तिसऱ्याचं, चाकं आणि ब्रेक आमचे. खरं विमान बनायच्या आधी चौघांनी आपापले संगणक नेटवर्कने जोडायचे आणि पडद्यावर खोटं विमान उडवायचं. तिकडे बंगळुरूत पंख हलला की त्याच क्षणी इकडे पवईत माझ्या चाकाला कळलं पाहिजे! याला म्हणतात सहकार्य!

मागच्या आठवड्यात गिऱ्हाईक साहेब बघायला आले. उड्डाण झकास. उतरताना साहेबांना हुक्की आली, "धावपट्टी जरा ओली करा." केली! माझी चाकं घसरली, घसरली... धावपट्टी संपली, चाकं गवतात! आणि पंख? शांत. इंजिन? शांत. कॉकपिट म्हणतंय, "सुखरूप उतरलो." उतरले हो, चाकं सोडून!

आमचे नंदकिशोर सर माझ्यावरच उखडले. "ओजस, तिघांचं चोख, तुझंच कसं रे नडतं? सोमवारी साहेब पुन्हा येतायत, परत घसरलास तर चाकं तुझ्या शेजारच्या क्षमाकडे देतो." सहा महिने जीव काढलाय मी त्या चाकांपायी! पंखवाल्या श्रेयसला फोन लावला, बाबा रे, तुझ्याकडे पाणी पोचलंच नाही का? तर हा हसतोय! "कसलं पाणी, यार? पाहुण्यांसमोर कुणी लाइव्ह चालवतं का? नेटवर्क अडकलं तर वाट लागेल ना! आम्ही आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. इंजिनवाल्यांनी पण. कॉकपिटवाल्यांनी पण!" म्हणजे हे तिघं कालच्या कोरड्या उन्हात, आणि मी एकटा आजच्या चिखलात! याला म्हणतात सहकार्य!

तसाच सरांकडे गेलो. सर, ब्रेक खरंच कमी पडतायत, उद्या त्यात माणसं बसणार! सर चष्मा पुसत म्हणतात, "तिघं एक सांगतात, तू भलतंच सांगतोस. बहुमत कुणाचं?" बहुमत! ब्रेक काय हात वर करून लागतात?

सोमवारी मी पण गुपचूप कोरड्या धावपट्टीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. लाज वाटली, पण लावलं. साहेबांनी गारा पाडल्या, वादळ आणलं... विमान लोण्यासारखं उतरलं! टाळ्या! सर म्हणतात, "आता कसं, ओजस!" आणि साहेबांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली... खऱ्या विमानाला!

मी आपला गावी चिपळूणला एसटीनेच जाणार. खडखडते, मान्य. पण जे खडखडतं ते निदान आत्ता खडखडतं हो, कालचं रेकॉर्डिंग नाही!