जव, जावई आणि माल्ट

...आणि वर सासरे मलाच विचारतात, "जावईबापू, जव आज कुणी हलवले नाहीत वाटतं?" आता तुम्हीच सांगा, सकाळची वेळ, माझ्या तोंडात ब्रश, एका पायात मोजा, दुसरा मोजा सापडत नाहीये, आणि मी काय जवांना उठवत बसू? पण तक्रार नाही हं माझी. गैरसमज नको. मी उलट खूश आहे, म्हणजे इतका खूश आहे की कधी कधी मलाच माझी काळजी वाटते.

त्याचं असं झालं, सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. सासरे म्हणजे, तुम्हाला सांगतो, नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या बुटांना नावं ठेवली, फोटोग्राफरला ठेवली, आणि फोटो आल्यावर पुन्हा बुटांना ठेवली. आणि हा माणूस आमच्याकडे आला आणि गप्प. पुढ्यात काहीही ठेवा, "छान आहे." दोन घास, आणि ताट बाजूला. बायकोनं एकदा घाईत भाजीत मीठच घातलं नाही, तरी "छान आहे." ती स्वयंपाकघरात आली आणि पदराचं टोक तोंडात धरून रडली. मला म्हणाली, "अरे, बाबा नावं ठेवत नाहीयेत." कपडे अंगावर लोंबायला लागले होते त्यांच्या. डॉक्टर म्हणाले, आवडीचं करून घाला. अहो, पण आवडीचं काय ते त्यांनी सांगायला नको?

आता मी रविवारी पाव करतो. हौस हो, दुसरं काय. तर त्या रविवारी मी पाव भाजला, एक तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वास घेतला, चावला आणि म्हणाले, "यात माल्ट नाही."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. बायकोनं माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले. नावं ठेवली होती त्यांनी! बायको म्हणाली, लग्नानंतर आई-बाबा एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहायचे, आणि त्या माल्टचे डबे जिन्यातच ठेवलेले असायचे. "रोज ठेचकाळायचो मी त्यांना," सासरे म्हणाले आणि तुकडा बाजूला ठेवला. पण बायकोनं मला लगेच पिशवी दिली. म्हणजे, पाठवलंच म्हणा ना.

आता माल्ट कुठं मिळतं? तुम्हाला माहीत आहे? मला नव्हतं. मोठ्या दुकानातल्या मुलीनं मला दुधात घालायच्या पावडरीचा डबा आणून दिला, "हे माल्टचंच आहे, उंची पण वाढते." म्हटलं, बाई, माझी वाढून झाली. औषधांच्या दुकानातला म्हणाला, "अशक्तपणा कुणाला आहे?" शेवटी कुणीतरी पत्ता दिला, घरी बियर करणाऱ्यांच्या सामानाचं दुकान. तिथला दाढीवाला फार प्रेमळ हो. म्हटलं, पावासाठी हवंय. त्यानं आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला, "पावासाठीच नेतात सगळे." आणि डोळा मारला. डबा घेऊन आलो, पाव केला, आणि कडू जहर. त्या डब्यात माल्टबरोबर बियरला कडवटपणा आणणारी कसली तरी फुलंसुद्धा होती, आणि ते डब्यावर लिहिलेलंही होतं, पण वाचतो कोण?

सासऱ्यांनी एक तुकडा खाल्ला. "कडू आहे." मग दुसरा खाल्ला, खात्री करायला. "कडूच आहे." बायको आनंदानं माझ्याकडे बघत होती. तक्रार नाही हं माझी, पण पाव मी केला होता.

मी पुन्हा त्या दाढीवाल्याकडे गेलो. तो पोट धरून हसला, म्हणाला, "साहेब, जव भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा. झालं माल्ट." म्हणजे एवढी वणवण केली मी, आणि ते स्वयंपाकघरात होणार होतं! बरं, मी जव आणले ते सोललेले. त्यांना मोड कसले येतात, नुसता वास आला. सासरे खुर्चीतून उठले, वाटीत डोकावले आणि म्हणाले, "सालासकट आणायचे असतात. चला, मी येतो." मी येतो! आल्यापासून दाराबाहेर न पडलेला माणूस चपला शोधायला लागला.

मग काय, तुम्हाला सांगतो, घर त्यांनी ताब्यात घेतलं. जव धुणं, निथळणं, खालीवर करणं, "उजेडात कुणी ठेवले?" म्हणून चौकशी. मोड आले, खिडकीत वाळवले, माझ्या कॉफीच्या ग्राइंडरमध्ये दळले. आता कॉफीला जवाचा वास येतो. असू दे. मी पिठात चांगली मूठभर पूड घालायला गेलो, तर त्यांनी मनगटच धरलं. "चमचाभर. जास्त झालं की आतून गिच्च होतो."

पाव झाला. रंग असा सुरेख, तांबूस. मी कापला, त्यांनी तुकडा नाकाशी नेला आणि डोळे मिटले. आम्ही दोघं उभे, परीक्षेच्या निकालाला उभे राहतात तसे. आणि ते हळूच म्हणाले, "भट्टी उघडली की हा वास वर यायचा. ती हातातलं टाकून खाली जायची. येताना पदरात पाव, आणि जिन्यातूनच मला हाका." सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोलले हो. मग रडले थोडे. बायको जवळ जाऊन बसली. आणि रडता रडता त्यांनी दुसरा तुकडा उचलला, मग तिसरा. मी कापत राहिलो. मला दुसरं काय करावं सुचेना.

त्या दाढीवाल्याला मी अर्धा पाव नेऊन दिला. तो म्हणाला, "म्हणजे खरंच पाव करत होतात तुम्ही?"

आता सासरे जेवतात, झोपतात, दोन जिने चढतात, आणि माझ्या बुटांना पुन्हा नावं ठेवतात. तक्रार नाही हं माझी. काल पाव उत्तम झाला होता, मी आशेनं विचारलं, "बाबा, आज कसा आहे?" त्यांनी शांतपणे शेवटचा घास संपवला, बोटं पुसली आणि म्हणाले, "पाव आता जमलाय. पण लोणी विकतचं दिसतंय."

...तर तुमच्यापैकी कुणाला चांगलं दूध कुठं मिळतं, माहीत आहे का?