किलोमीटर चार, पण कुठल्या रस्त्यावरचं?

...नाही, पण माझी अपेक्षा काय फार होती का, तुम्हीच सांगा! विमानतळावर बँड लावा असं मी म्हटलं नव्हतं. पण एखादी पोरगी इतकी वर्षं जर्मनीच्या थंडीत कुडकुडत शिकते, तिथली बरी नोकरी सोडून आपल्या गावी, ट्युनिशियात, आपल्या स्फाक्सला परत येते, ती कशासाठी? आपल्या लोकांसाठी काहीतरी करायचं म्हणून! मला वाटलं होतं, एक खोली असेल, भिंतीवर फळा असेल, समोर गावातल्या हुशार मुली बसल्या असतील आणि मी त्यांना सांगत असेन की बायांनो, यंत्र आपलं, ज्ञान सगळ्यांचं, काढून टाका सगळी कुलपं! आणि मिळालं काय? सी मुन्सिफचा, म्हणजे आमच्या मुन्सिफसाहेबांचा, स्टुडिओ! लग्नाचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, साखरपुड्याचे मोठे फलक आणि कोपऱ्यात एक प्रिंटर. मी रुजू झाले त्या दिवशी सी मुन्सिफ माझ्याकडे पाहून म्हणाले काय, तर, "ये उल्फा, ये! जर्मनीत शिकलीस ना? हा बघ जरा, कागद अडकवतो."

बरं, मी शिकले काय, हेही इथं कोणाला सांगायची सोय नाही. संगणकाचा जो गाभा असतो, कर्नल म्हणतात त्याला, त्यावर माझा अभ्यास. आता आमच्या भाषेत त्याला शब्द आहे 'नवात'. नवात म्हणजे बी. फळातली आठळी! झालं, आईनं सगळ्या गल्लीत सांगितलं, आमची उल्फा आठळ्यांवर शिकून आली. आणि स्फाक्स म्हणजे ऑलिव्हचं गाव! दुसऱ्या दिवशी तेलाच्या घाण्याचा मालक दारात हजर. "पोरी, आमच्याकडे आठळ्यांचा डोंगर साचलाय, जाळून धूर फार होतो, तुझ्या जर्मनीत काय करतात?" काय सांगू त्याला? सांगू की काका, माझ्या प्रबंधाचं नाव आहे 'डिस्क यंत्राला जोडताना फाइलींच्या मालकीचा नकाशा बदलणे'? चहा पाजला आणि पाठवला.

पण तुम्हाला सांगते, हा प्रबंध लक्षात ठेवा. कारण पुढं जे झालं ते नेमकं त्याच विषयावर झालं, आणि मी, त्या विषयातली मी, कशी वागले ते ऐका.

तर या स्टुडिओत काम दोन बाजूंचं. पुरुषांच्या बाजूचं शूटिंग सी मुन्सिफ करतात. बायकांच्या बाजूचं त्यांची मोठी बहीण करते, लल्ला वसीला, म्हणजे वसीलाबाई. आणि बायकांची बाजू म्हणजे काय ते मी सांगायला नको. दार बंद, पडदा ओढलेला, आणि आत ज्या बायका बाहेर मान वर करून बघत नाहीत त्या अशा नाचतात, अशा नाचतात! आता हे सगळं कॅमेऱ्यात येऊ देतात कशाच्या जोरावर? लल्ला वसीलाच्या शब्दाच्या जोरावर. 'माझ्याशिवाय कोणी बघणार नाही, आणि नंतर थेट नवरीच्या हातात.' बस! हा शब्द आहे तोवर तिचा कॅमेरा आत जातो. शब्द गेला की कॅमेरा दाराबाहेर, आणि लल्लाही. या वयात, एकटीच्या कमाईवर जगणारी बाई आहे ती.

आणि तिथं आले मी! सुधारणा घेऊन! लल्लाच्या घरच्या संगणकावर मी लिनक्स टाकलं, ज्याच्या गाभ्यावर मी शिकले तेच, दुकानातल्या मोठ्या यंत्रावर लिनक्स टाकलं. म्हटलं, आता प्रत्येक फाइलीला मालक असेल, लल्लाच्या फाइली लल्लाच उघडेल, बघा आता कसं शिस्तीत चालतं! भाषण दिलं हो मी, प्रिंटरशेजारी उभी राहून.

आता एकच गोष्ट समजून घ्या, अवघड नाही. यंत्राला नाव कळत नाही. डिस्कवर 'ही फाइल वसीलाची' असं लिहिलेलं नसतं, लिहिलेला असतो नंबर. आणि यंत्रावर जो पहिला माणूस खातं उघडतो त्याला मिळतो नंबर हजार. लल्लाच्या घरी पहिलं माणूस कोण? लल्ला. म्हणून ती हजार. दुकानात पहिला माणूस कोण? मालक, सी मुन्सिफ. म्हणून ते हजार! माझ्या यंत्रावर मी हजार, तुमच्या यंत्रावर तुम्ही हजार, आपापल्या घरी जो तो हजार! लल्ला दुकानात आली की तिचा नंबर हजार तीन, पण डिस्कला बिचारीला काय माहीत?

तर नाजिलाचं लग्न झालं. आमच्याच गल्लीतली नाजिला. लल्लानं घरी बसून बायकांचं शूटिंग कापलं, जोडलं, आणि शेवटचं काम दुकानातल्या मोठ्या यंत्रावर झटकन होतं म्हणून डिस्क घेऊन आली. उद्या दुपारी नवरीकडं सगळ्या बायका बघायला जमणार होत्या. डिस्क लावली. समोर बसले होते सी मुन्सिफ. यंत्रानं पाहिलं, फाइलींचा मालक कोण, तर हजार. हजार कोण, तर हे साहेब! आणि मोठ्या प्रेमानं त्यांच्यापुढं सगळी छोटी छोटी चित्रं पसरली...

ते किंचाळले हो! सज्जन माणूस, शुक्रवारची नमाज कधी चुकवलेली नाही, दोन्ही हात डोळ्यांवर ठेवून खुर्चीसकट मागं गेले आणि थेट प्रिंटरवर आदळले. "बंद करा! बंद करा! मी काही बघितलं नाही! अल्लाशपथ, एक खांदा फक्त!"

"कोणाचा?" लल्ला कडाडली.

"मला काय माहीत कोणाचा! खांद्यावर नाव असतं का?"

"म्हणजे बघितलास!"

"नाही बघितला! खांदाही नाही! पडद्याचा रंग बघितला!"

आता अशा वेळी शिकलेल्या माणसानं काय करावं? एक पाऊल मागं यावं, श्वास घ्यावा, आणि आठवावं की याच विषयावर आपला प्रबंध आहे! मी काय केलं? घाबरले. ज्याला काहीच येत नाही असा माणूस जे करेल तेच केलं. मालकी बदलायचा हुकूम सोडला. डिस्कवरच्या एकूण एक फाइलीवरचा हजार पुसायचा आणि हजार तीन लिहायचा. चालू! "झालं लल्ला, आता या तुमच्या."

लल्ला डिस्क घेऊन घरी गेली, आणि तासाभरात फोन. "पोरी, माझंच यंत्र मला विचारतंय तू कोण!" असणारच ना! घरी ती हजार, फाइलींवर हजार तीन, आणि हजार तीन नावाचं तिथं कोणी राहतच नाही! म्हणजे आख्ख्या लग्नात जिच्यावर सगळ्यांचा विश्वास, तिलाच आत प्रवेश नाही. म्हटलं, या परत, बदलून देते. केला हजार. घरी चालायला लागलं. मग शेवटच्या कामासाठी पुन्हा दुकानात, तर पुन्हा सी मुन्सिफ मालक! पुन्हा हजार तीन! बिचारी टॅक्सीनं ये-जा करतेय, मी फाइलींवरचे आकडे पुसतेय, लिहितेय, पुसतेय, लिहितेय, आणि सी मुन्सिफ भिंतीकडे तोंड करून बसलेत... आणि याच विषयावर माझा प्रबंध आहे, बरं का!

आणि त्या घाईत एकदा मी जागा चुकले. हुकूम डिस्कवर सोडायचा तो सोडला दुकानाच्या सगळ्या साठ्यावर.

मग सी मुन्सिफ भिंतीकडूनच म्हणाले, "उल्फा, माझा फुटबॉल क्लबचा व्हिडिओ उघडत नाही."

"हो का?"

"माझ्या स्वतःच्या लग्नाचापण उघडत नाही."

"सी मुन्सिफ... त्याचं असं झालंय... की सध्या, तात्पुरतं, सगळं दुकान लल्ला वसीलांच्या नावावर आहे."

तुम्हाला सांगते, वडील गेले तेव्हा हे दुकान कोणाकडं जावं यावरून या भावंडांत काय काय झालं होतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक! सी मुन्सिफ उठले, हात वर केले. "बघा! काझीसमोर जे झालं नाही ते या पोरीनं एका बटणात करून दाखवलं!"

आणि लल्ला? मघापासून लालबुंद झालेली लल्ला खुर्चीत टेकून बसली, पाय पसरले, आणि म्हणाली, "घाई नको करूस पोरी. राहू दे थोडा वेळ."

शेवटी सी मुन्सिफ वैतागून म्हणाले, "हे बघ, मालकीच नको. सगळ्यांना सगळं उघडं करून टाक, विषय संपला!" आणि खोटं कशाला बोलू, माझा हात गेला. एक हुकूम, सगळी दारं सताड उघडी. तेच नाही का माझं भाषण, काढून टाका कुलपं? मी लल्लाकडे पाहिलं. तिनं नुसती पर्स उचलून मांडीवर घेतली, उठून जाणारी बाई घेते तशी. आणि तुम्हाला सांगते, मी हात मागं घेतला. फळ्यासमोर बोलायला ते फार छान वाक्य होतं, पण तो खांदा ज्या बाईचा होता ती ज्या भरवशावर नाचली होती, तो भरवसा मी उघडा टाकणार होते.

तेव्हा कुठं, म्हणजे सगळं करून झाल्यावर, मला प्रबंध आठवला! म्हटलं, लल्ला, बसा. सांगते. तुम्ही टॅक्सीवाल्याला सांगितलंत 'किलोमीटर चार', तर तो काय विचारेल?

"विचारेल, कुठल्या रस्त्याचं?"

बरोबर! स्फाक्समध्ये पत्ता म्हणजे रस्ता आणि किलोमीटर. तन्यूरच्या रस्त्यावर, तुमच्याकडं, किलोमीटर चार आहे, ग्रेमदाच्या रस्त्यावर आहे, महदियाच्या रस्त्यावरही आहे! तुमची डिस्क म्हणतेय 'किलोमीटर चार', म्हणजे हजार. आणि हे दुकानातलं यंत्र म्हणजे असा टॅक्सीवाला, जो रस्ताच विचारत नाही, प्रत्येकाला आपल्याच रस्त्यावर नेतो, तिथं चार नंबरला सी मुन्सिफ राहतात. मी मूर्ख काय करत होते? प्रत्येक वेळी तुमच्या घरावरची पाटी खरवडून नवी पाटी लावत होते! पाटीला हात लावायचाच नाही. डिस्क ज्या दारातून आत येते त्या दारात सांगून ठेवायचं, 'ही तन्यूरकडची मंडळी आहेत, यांचा हजार म्हणजे आपली हजार तीन.' डिस्कवर एक अक्षर बदलत नाही. घरी गेली की पुन्हा हजारच. गाभ्यातच सोय आहे ही, प्रत्येक दाराला वेगळा नकाशा!

लल्लानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढं सोपं होतं, तर सकाळपासून मला टॅक्सीतून का फिरवलंस?"

कारण काय, तर प्रबंध आहे माझा त्यावर!

असो. दुकानाची मालकी परत दिली, लल्लाच्या चेहऱ्यावर जरा दुःख दिसलं, डिस्कवर पुन्हा हजार लिहिले, शेवटचे, आणि दारात नकाशा लावून डिस्क जोडली. सी मुन्सिफना म्हटलं, आता तुम्ही उघडून बघा. त्यांनी डोळे गच्च मिटले, चाचपडत बटण दाबलं. यंत्र म्हणालं, परवानगी नाही. तोंडावर नकार मिळाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही! "अल्हम्दुलिल्लाह! मला नाही म्हणतंय! पुन्हा दाबू?" पाच-सहा वेळा दाबलं हो त्यांनी! लल्लानं काम पुरं केलं, संध्याकाळच्या आत व्हिडिओ नाजिलाच्या हातात. मी मनात म्हटलं, उल्फा, आलीस की नाही गावाच्या कामी!

तर लल्ला दारातून मागं वळली. "मुन्सिफला उघडत नाही. मला उघडतं. आणि तुला?"

आता आली का पंचाईत! यंत्राचा कारभारी जो असतो त्याचा नंबर असतो शून्य, त्याला कुठलंच दार अडवत नाही. आणि शून्य कोण? मी.

"मी... म्हणजे मला तसं... उघडतं, पण मी बघत नाही ना, लल्ला!"

"मुन्सिफही तेच म्हणत होता," ती म्हणाली आणि गेली.

बरं, घरी तरी शांतता? आईनं ब्रिक, आमची अंडं भरलेली करंजी, तळून समोर ठेवलं, अंडं अगदी मला आवडतं तसं कच्चं, आणि मांडीला मांडी लावून बसली. "तुला म्हणे सगळं दिसतं?"

"कोण म्हणालं?"

"मुन्सिफची बायको. नाजिलाची सासू नाचली का गं? आणि ते हिरवं कोण नेसलं होतं? मला काही बघायचं नाही, तू फक्त हो नाही सांग." पाठोपाठ शेजारीण आली, वाटी घेऊन, हरीसाची तिखट चटणी मागायला म्हणून! तिच्या मागून तिची सून, वाटी न घेताच!

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी निर्णय घेतला. अभिमानानं सांगते, माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ निर्णय. दुकानात गेले, शून्याची किल्ली लल्ला वसीलाच्या हवाली केली. म्हटलं, लल्ला, नवा पासवर्ड तुम्ही घाला, मलासुद्धा सांगू नका. आजपासून मी या यंत्रावर एक साधी बाई. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागं टकटक, टकटक, बराच वेळ. लांबलचक शब्द घातला तिनं! वळले तर लल्लाच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. सी मुन्सिफनी बदाम घातलेला चहा मागवला.

चहाचे पेले अजून उचललेही नव्हते, लल्ला पुढच्या नवरीची डिस्क घेऊन यंत्रासमोर बसली, दारात नकाशा लावायला शून्याचाच पासवर्ड लागतो म्हणून बोटं वर धरली... आणि तशीच धरून राहिली. "उल्फा... तो शब्द काय होता गं?"

अहो, मी भिंतीकडे बघत होते!

आता तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. यंत्र बंद करून चालू करताना एक आडवाट असते. मला नवा पासवर्ड दोन मिनिटांत घालता येतो. कधीही. कोणालाही न विचारता. पण हे लल्लाला सांगू कसं? 'मला येतं' म्हटलं की सकाळचं सगळं वाया, ते अश्रू वाया, चहा वाया! तिनं आशेनं विचारलंसुद्धा, "पोरी, काही उपाय असेल ना?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "आठवा, लल्ला. शांतपणे आठवा. याला जर्मनीतसुद्धा उपाय नाही."