शिवेच्या दगडावर बसलेला माणूस

ऐका. त्या दिवशी सकाळपासून धुई पडली होती. पौषातली. सूर्य उगवला तो पांढऱ्या फडक्यासारखा, आणि तसाच मावळला. वारा नाही, पाऊस नाही. चुलीचा धूर वर जाईना, दारातच रेंगाळायचा. दिवे लागले आणि दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा झाला.

आणि अशा दिवशी मला निघावं लागलं.

कशासाठी, ते आधी सांगतो. माझी बायको सगुणा भावाच्या लग्नाला म्हणून माहेरी गेली होती. माहेर नदीपलीकडं, मोगलाईत. आपण अलीकडं, इंग्रजी अमलात. तेव्हा ती दोन वेगळी राज्यं होती, मधे नदी. लग्न झालं, दोन महिने झाले, तरी ती येईना. तिचा बाप म्हणे, जावयानं न्यायला यावं. मी म्हणे, आपल्या पायांनी गेली, आपल्या पायांनी येईल. झालं. धरली अढी. घरात मी एकटा. दिवसभर मागावर घोंगडी विणायची, रात्री भाकरी करपवायची. हसू नकोस रंगनाथ, तुझीही करपेल कधीतरी.

त्या संध्याकाळी पलीकडून एक कासार आला, बांगड्या घेऊन. त्यानं निरोप आणला. सासऱ्याच्या दारात आज पंच बसणार आहेत. दिवस उगवेपर्यंत वाट बघतील. जावई आला तर पोरगी नांदायला जाईल. नाही आला तर काडी मोडायची. आमच्यात तसंच होतं. पंचांसमोर एक वाळकी काडी, तिचे दोन तुकडे, की नवराबायकोचं नातं संपलं.

माझी अढी तिथंच गळाली. घोंगडी खांद्यावर टाकली आणि निघालो.

पूल तीन कोसांवर. दगडी, सात कमानींचा. साडेतीन आपल्या, साडेतीन त्यांच्या. आपल्या बाजूचा कठडा चुन्यानं रंगवलेला, त्यांच्या बाजूचा काळाच. मधल्या कमानीवर शिवेचा दगड.

आता त्या दगडाचं ऐका. मी लहान असताना तिथं एक वाटसरू मेला. तापानं असेल. कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही. पडला तो नेमका शिवेवर. डोकं तिकडं, पाय इकडं. इकडचे लोक म्हणाले, डोकं तुमच्यात आहे, तुम्ही जाळा. तिकडचे म्हणाले, पाय अजून तुमच्यातच आहेत. दोन दिवस तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी नव्हता. नदीत लोटला म्हणतात. कुणी लोटला, ते कुणी सांगत नाही.

हे मला ठाऊक होतं, बरं का. पण माणूस घाईत असला की ठाऊक असलेलं आठवत नाही.

पुलावर चढलो. कठडा हाताला लागत होता, डोळ्याला दिसत नव्हता. खाली पाणी वाजत होतं. मधोमध आलो तर दगडावर एक जण बसलेला. घोंगडी पांघरून, गुडघे पोटाशी घेऊन.

कोण पाव्हणं, म्हणाला. कुठं निघालात एवढ्या धुईतनं?

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. बरंच वाटलं. दोन महिने माझ्याशी कुणी असं विचारून बोललं नव्हतं. मी टेकलो त्याच्याजवळ. सगुणा, सासरा, पंच, सगळं सांगून टाकलं. तो हूं हूं करत होता. चांगला ऐकायचा. मग घाई आठवली. उठलो आणि म्हणालो, "बरं बाबा, येतो."

"ये," तो म्हणाला.

तुम्ही काय म्हणाला असता? हेच. शेतात निघालो तरी आपण येतोच म्हणतो. जिभेला वळणच ते.

शंभर पावलं गेलो असेन. पूल संपायला हवा होता. संपला नाही. पुढं शिवेचा दगड. दगडावर तो.

"आलास?"

वाटलं, धुईत उलटा फिरलो. चुकलो बाबा, म्हटलं, येतो. या खेपेला कठड्यावर हात ठेवून निघालो. हात काढायचाच नाही. दगड, दगड, दगड. मग हाताखाली गुडघा लागला. गार. "आलास?"

मग पळालो. सासरची वाट नाही तर नाही, म्हटलं, घरची तरी मिळू दे. इकडं पळालो, तिकडं पळालो. जिकडं जाईन तिकडं तोच. दर खेपेला "आलास?" आणि दर खेपेला आवाज जरा आणखी आनंदलेला. तेच वाईट होतं, बघा. रागावला असता तर बरं झालं असतं.

शेवटी पाय उचलेनात. त्यानं सरकून जागा दिली. आपल्या घोंगडीचं निम्मं माझ्या खांद्यावर टाकलं. ओलं होतं. मी घोंगड्या विणणारा, बोटांना लोकर कळते. ती लोकर नव्हती. शेवाळ होतं.

आणि सांगू का? बसून राहावंसं वाटलं. तिथं आम्ही दोघं होतो. घरी मी एकटा. तसाच बसलो. सगुणाचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला गेलो, तर येईना. नाक आठवेना, कपाळ आठवेना. तेव्हा मात्र दचकलो.

"बाबा, का धरून ठेवलंयस मला?"

"मी कुठं धरलंय?" तो म्हणाला. "तूच दर खेपेला येतो म्हणतोस. मला असं म्हणणारं दुसरं कुणी नाही."

तेव्हा कळलं, काय म्हणायला हवं होतं. पण जिभेवर येईना. घरातून निघताना तो शब्द कुणी काढत नाही. तो मरणाऱ्याचा शब्द. आणि मी तर बायको आणायला निघालेलो. डोळे मिटले आणि म्हणालो, "बाबा, मी जातो."

नुसतं पाणी वाजतंय. मग खांद्यावरचं ओझं उतरलं.

"जा," तो म्हणाला. एवढंच. आवाजात काही उरलं नव्हतं.

चाललो. पायाखाली माती लागली. मागं वळून बघितलं नाही. अजून एकदा टेकलो असतो, तर उठलो नसतो, एवढं खरं.

म्हणून सांगतो पोरांनो, अंधारात त्या पुलानं जाऊ नका. आता राज्यं एक झाली, वरच्या अंगाला नवा पूल झाला, त्यानं जा. लांब पडेल, पडू द्या. तो बसलेला अजून तिथंच असेल. वाईट नाही तो. म्हणूनच जाऊ नका.

हां, तर माती लागली तेव्हा पूर्व तांबडी झाली होती. मला वाटलं होतं, तंबाखू मळून खाण्याएवढा वेळ गेला असेल. रात्र सरली होती. धावत सुटलो. सासऱ्याच्या दारात पोचलो तर ओट्यावर कोवळं ऊन. अंगणातल्या सतरंज्या गुंडाळलेल्या, उंबऱ्यापाशी काडीचे दोन तुकडे. दार आतून लावलेलं.

शेजारच्या ओट्यावर लिंबाजी म्हणून म्हातारा अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्यानं हात थांबवला. माझ्या ओल्या खांद्याकडं बघितलं. आणि म्हणाला,

"पंचांनी तीनदा विचारलं तिला, काय करायचं. दोनदा म्हणाली, थांबा, येतील. तिसऱ्यांदा काही बोलली नाही."